दात लावून की दात काढून?

धानाची कापणी आटोपली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या नाट्यकंपन्यांकडे गावोगावची मंडळं बुकिंगला येतात. मंडई, म्हणजे गावची जत्रा, कोणत्या तारखेला, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आहे का, नाटकात हिरो कोण, लावणीला कोण, कॉमेडी कोण करते, सगळी चौकशी होते. बुढ्याच्या कामाला कोण आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बुढा तर नाटकात असतोच. पोरीचा बाप, गावचा पाटील, दारुडा काका, रात्री दोन वाजता स्टेजवर जीव सोडणारा आजा. आणि ते काम पुष्कळदा ज्याच्या वाट्याला दुसरं काही आलं नाही त्याच्या गळ्यात पडतं. केसांना पावडर, हातात काठी, कंबरेत वाक, घशात खरखर, की झाला बुढा.

हॉलिवूडमध्ये एका माणसानं याच कामावर तीन ऑस्कर घेतले. वॉल्टर ब्रेनन त्याचं नाव. जन्म २५ जुलै १८९४, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावचा. मृत्यू २१ सप्टेंबर १९७४, कॅलिफोर्नियात. सिनेमा आणि टीव्ही धरून कामं दोनशे तीसच्या वर. चाळिशी ओलांडली तेव्हापासून तो बुढे करत होता, आणि खरोखर म्हातारा झाला तेव्हाही तेच करत राहिला. त्याच्या भूमिकांचं वय गाठायला त्याच्या स्वतःच्या वयाला वीस वर्षं लागली. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, चरित्र भूमिका करणाऱ्यांनी त्याचे पाच-सहा सिनेमे तरी मन लावून पाहावेत. त्यात काय पाहावं, आणि आपल्या स्टेजवर त्यातलं काय चालतं, काय चालत नाही, ते इथे मांडलं आहे.

आधी थोडा हिशेब. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर सुरू झालं १९३६ च्या सिनेमांपासून, आणि पहिलंच ब्रेननला मिळालं, 'कम अँड गेट इट'मधल्या लाकूडतोड्यासाठी. दुसरं १९३८ च्या 'केंटकी'साठी, तिसरं १९४० च्या 'द वेस्टर्नर'साठी. चौथं नामांकन १९४१ च्या 'सार्जंट यॉर्क'चं, ते हुकलं. पाच वर्षांत तीन, आणि तिन्ही सहाय्यक भूमिकांची. असं दुसऱ्या कोणाला अजून जमलेलं नाही. तेव्हा सहाय्यक कलाकारांना सोनेरी पुतळा मिळत नव्हता, भिंतीवर लावायची पाटी मिळे. मानाचा हा फरक आपल्याकडच्या पोस्टरवरही दिसतोच.

या तीन बक्षिसांमागे एक व्यवहारी कारणही सांगितलं जातं. त्या काळी ऑस्करच्या मतदानात एक्स्ट्रा कलाकारांनाही मत होतं, आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला. आपल्या माणसाला त्यांनी भरभरून मतं दिली, असं जुने जाणकार मानतात. पुढे एक्स्ट्रांचा तो हक्क काढून घेतला गेला. यानं बक्षिसांची किंमत थोडी कमी होते, हे कबूल करायला हरकत नाही. भूमिका पाहिल्या की मात्र मतं वाया गेली असं वाटत नाही.

एक्स्ट्राचं आयुष्य त्यानं दहा वर्षं काढलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात होता, परत आल्यावर लॉस एंजेलिसला जमिनीच्या धंद्यात पैसा कमावला आणि घालवला. मग १९२० च्या दशकाच्या मध्यापासून रोजानं स्टुडिओच्या फाटकावर. १९३३ च्या 'द इनव्हिजिबल मॅन'मध्ये तो सायकलवाला आहे, १९३४ मध्ये थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाच्या एका लघुपटात रेल्वेचा कंडक्टर, १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये गावातला एक शेजारी. यातल्या मोठ्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. पण रोजच्या रोज वेगळा पोशाख, वेगळी टोपी, वेगळी बोली, आणि दिग्दर्शक ओरडायच्या आत तयार, ही सवय त्या दहा वर्षांतली. पुढे जे आलं ते या सवयीवर उभं राहिलं.

आता दातांची गोष्ट. १९३२ साली शूटिंगच्या अपघातात तोंडावर लाथ बसून त्याचे समोरचे दात गेले. वय अडतीस. हिरोचं काम करणाऱ्याचं करिअर तिथेच संपलं असतं. ब्रेननची कवळी निघणारी होती, आणि ती काढली की तो वीस वर्षांनी म्हातारा दिसे. हॉवर्ड हॉक्स नावाच्या दिग्दर्शकानं १९३५ च्या 'बार्बरी कोस्ट'च्या वेळचा किस्सा पुढे मुलाखतींत सांगितला आहे. ब्रेनन पोशाख घालून समोर आला. हॉक्सनं संवाद म्हणायला सांगितले. यानं विचारलं, लावून की काढून? हॉक्स म्हणाला, काय लावून? दात. हॉक्स हसत सुटला. तीन दिवसांच्या कामाला घेतलेला हा माणूस मग काही आठवडे त्या सिनेमात राहिला. पुढे हॉक्सनं त्याला आणखी पाच सिनेमांत घेतलं.

किस्सा गमतीचा म्हणून सगळीकडे फिरतो. त्यातली खरी गोष्ट त्या प्रश्नात आहे. तो दोन तयार माणसं घेऊन आला होता, एक दातवाला आणि एक बोळका, आणि निवड दिग्दर्शकावर सोडली. 'चांगला करतो ना मी, तुम्ही सांगा तसा करतो' असं म्हणणारा नट आणि 'हा हवा की हा?' असं विचारणारा नट, यात दुसऱ्याला पुन्हा बोलावणं येतं.

समोरचे दात गेले की चेहऱ्याचं काय होतं ते नीट पाहा. वरचा ओठ आत वळतो. गालफाडं बसतात. वरची-खालची दोन्ही कवळी काढली तर हनुवटी नाकाकडे सरकते आणि चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो. आवाजात त, थ, द, ध, न ही अक्षरं सैल पडतात, कारण जिभेला टेकायला दात नसतात. स शिट्टीसारखा निसटतो. फ आणि व हवेत विरतात. पण प, ब, म ओठांची, आणि क, ग घशाकडची. ती साफच राहतात. आपले बुढे करणारे चुकतात ते इथे. ते सगळीच अक्षरं चघळतात, आणि मग मागच्या रांगेतल्या चटईवर बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही. बोळक्याचं बोलणं दाखवायचं तर वाक्यातला एखादा स आणि एखादा त बिघडवावा, बाकी शब्द साफ ठेवावेत. ज्या शब्दावर कथा फिरते, पोरीचं नाव, कर्जाची रक्कम, खुनाची गोष्ट, तो शब्द कधीच बिघडवू नये. ब्रेनन हेच करतो. 'रेड रिव्हर' बघताना डोळे मिटून ऐका, सगळं चघळल्यासारखं वाटतं आणि तरी कळतं.

ज्यांना खरोखर कवळी आहे त्यांनी ती काढून काम करायचं ठरवलं तर आधी आठ-दहा दिवस घरी तशी तालीम करावी. कवळी काढल्यावर जीभ पसरते, लाळ सांभाळणं बदलतं, आणि पहिल्या रात्री संवादाची गती अर्ध्यावर येते. काढलेली कवळी कागदात गुंडाळून खिशात ठेवू नये. सुकली की आकार बदलतो, मग सकाळी बसत नाही. गार पाण्याच्या डब्यात ठेवावी. गरम पाण्यातही ती वाकते. डबा मेकअपच्या पेटीत, आणि पेटी कोणाकडे आहे ते माहीत असावं, कारण तिसऱ्या अंकात तोच नट दुसऱ्या पात्रात दात लावून येणार असतो.

ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांना काळा रंग लावावा लागतो. दात आधी कोरड्या फडक्यानं पुसायचा, ओठ बोटानं दूर धरायचा, दातावर लावायचा काळा रंग एका हातानं फिरवायचा, आणि तो सुकेपर्यंत तोंड मिटायचं नाही. घाई केली तर रंग ओठांच्या आत लागतो. काजळ यासाठी कामाचं नाही, लाळेनं दहा मिनिटांत उतरतं. सलग चार दात काळे करण्यापेक्षा वरचे दोन आणि खालचा एक असे विस्कटून करावेत, खरं दिसतं. समोरून थेट प्रखर लाईट असेल तर ओला काळा दात चमकतो आणि सोंग उघडं पडतं. अशा वेळी नुसता वरचा ओठ दातांवर आत दुमडून बोलण्याचा सराव जास्त उपयोगी.

हॉक्सनं तर दातांचाच विनोद करून टाकला. 'रेड रिव्हर' आला १९४८ मध्ये. त्यातला हिरो जॉन वेन गुरांचा मोठा कळप घेऊन निघतो आणि ब्रेनन त्याचा रसोईवाला, ग्रूट. हा ग्रूट आपली कवळी पत्त्यांच्या डावात हरतो. जिंकणारा सोबती ती परत देतो फक्त जेवणाच्या वेळी. त्यामुळे सिनेमाभर तो कधी दातवाला, कधी बोळका, आणि प्रेक्षकाला दर वेळी कारण माहीत असतं. नटाची उणीव कथेत कशी शिरवावी, याचा इतका साधा नमुना दुसरा सापडणार नाही. आपल्याकडे एखाद्या नटाचा आवाज सीझनमध्ये बसला तर लेखक-दिग्दर्शकानं दोन वाक्यं घालून तो पात्राचाच बसवून टाकावा. बहुतेक कंपन्या नटाला गरम पाणी पाजतात आणि देवाचं नाव घेतात.

लंगडणं हा दुसरा मोठा विषय. १९५९ च्या 'रिओ ब्राव्हो'त ब्रेनन आहे स्टंपी, तुरुंगाची राखण करणारा लंगडा बुढा, हातात बंदूक आणि तोंडात अखंड कुरकुर. वय चौसष्ट, त्यामुळे इथे वय खरं आणि पाय खोटा. हा पाय संपूर्ण सिनेमात एकच राहतो आणि एकाच प्रकारे वागतो. आपल्या स्टेजवर पहिल्या अंकात डावा लंगडणारा बाप चौथ्या अंकात उजवा लंगडतो, आणि प्रेक्षकांतली पोट्टी ते ओरडून सांगतात.

उपाय सोपा आहे. ज्या पायानं लंगडायचं त्याच्या घोट्याला धोतराच्या आत काळा धागा बांधावा, विंगेतून निघताना बोटानं चाचपावा. त्याआधी ठरवावं की पाय का लंगडा आहे. दुखणारा पाय असेल तर त्या पायावर वजन क्षणभरच पडतं आणि चांगला पाय घाईनं पुढे येतो. चालीत टप-टाप असा असमान ठेका येतो. गुडघा न वाकणारा असेल तर पाय बाहेरून अर्धा गोल काढत पुढे येतो. दोन्ही एकत्र केले की ना हे ना ते. आणि काठी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात असते. डावा पाय अधू तर काठी उजव्या हातात, आणि डाव्या पायाबरोबरच ती जमिनीवर पडते. कोणत्याही डॉक्टरला विचारा, किंवा गावातल्या खऱ्या बुढ्याकडे पाहा. स्टेजवरचे दहातले आठ जण काठी त्याच बाजूला धरतात, आणि का खोटं वाटते ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण वाटते.

चपलेत खडा ठेवायचा सल्ला काही जुने नट देतात. एका प्रयोगाला ठीक आहे. सीझनमध्ये रोज रात्री एका गावातून दुसऱ्या गावात जायचं, रात्रभर उभं राहायचं, तर चौथ्या दिवशी तळव्याला फोड येतो आणि मग लंगडणं अभिनय राहत नाही.

स्टंपीची दुसरी खुबी म्हणजे तो बराच काळ एका जागी बसलेला असतो. लंगड्या माणसाला सतत चालवून लंगडेपण दाखवायची गरज नाही. तो बसतो, वाद घालतो, कधी हसतो, आणि गाण्याच्या प्रसंगात माऊथ ऑर्गन वाजवतो. शेवटी मात्र डायनामाइटच्या कांड्या फेकायला तोच असतो. आधी दीड-दोन तास बसून राहिल्यामुळे ते उठणं लागतं.

वाक हा झाडीपट्टीतला खास अडथळा आहे, सिनेमाला तो नाही. आपल्या पुष्कळ स्टेजवर माईक वरून टांगलेले असतात. नट कंबरेतून वाकला की तोंड जमिनीकडे जातं, माईकपासून हातभर लांब, आणि आवाज खड्ड्यात पडतो. वर फेट्याची सावली डोळ्यांवर. यावर उपाय म्हणजे कंबर न वाकवता गुडघे थोडे सैल सोडायचे, खांदे पुढे आणायचे, मान पुढे काढायची पण चेहरा वर ठेवायचा. कासवासारखं. ब्रेननच्या बुढ्यांची मान बघा, ती पुढे असते आणि नजर समोरच्याच्या डोळ्यात असते. म्हातारी माणसं तशीच बघतात, कारण त्यांना नीट दिसत नाही.

आवाज. ब्रेननचा मूळचाच आवाज चिरका, वरच्या पट्टीतला होता. म्हणून त्याची नक्कल करायला आपण घसा आवळतो. ते करू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंत सीझन चालतो, थंडीत, धुळीत, रात्री दहापासून पहाटेपर्यंत. घसा आवळून म्हातारा आवाज काढणाऱ्याचा खरा आवाज संक्रांतीच्या आत जातो. म्हातारपण पट्टीत कमी आणि श्वासात जास्त असतं. तरुण माणूस वाक्य संपल्यावर श्वास घेतो, म्हातारा वाक्याच्या मध्ये घेतो. 'पोरी, मी तुला सांगितलं होतं' हे वाक्य 'पोरी, मी तुला' इथे तोडून श्वास घ्या, मग 'सांगितलं होतं.' वीस वर्षं वाढतात आणि घशाला काही होत नाही. प्रॉम्प्टरला हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर तो समजतो की नट विसरला, आणि पुढचं वाक्य मोठ्यानं देतो.

मेकअपचं थोडक्यात. केसांना कोरडी पावडर मारली की मारामारीच्या प्रसंगात ती उडते आणि काळ्या कोटावर बसते. पाण्यात कालवलेला पांढरा रंग जुन्या टूथब्रशनं कानशिलं, भुवया आणि मिशीवर ओढावा. सगळं डोकं पांढरं करायची गरज नाही. दाढी चिकटवायच्या गोंदाला घाम आणि दव चालत नाही. कातडी स्पिरिटनं पुसून, गोंद लावून, तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबून मगच केस दाबावेत, ओल्या फडक्यानं. काढताना ओढू नये, स्पिरिटनं सोडवावी. आणि हात! चेहरा सत्तरीचा आणि हात पंचविशीचे, हे दर सीझनला दिसतं. शिरांवर तपकिरी रेघ आणि बोटांच्या पेरांवर थोडी राखाडी, दोन मिनिटांचं काम आहे. 'सार्जंट यॉर्क'मध्ये ब्रेनन पाद्री आहे, आणि तिथे त्यानं उलटं केलंय. जाड काळ्या भुवया, बाकी फारसं काही नाही. एका भुवईनं माणूस बदलतो.

बोलके बुढे त्यानं पुष्कळ केले म्हणून तो फक्त कुरकुऱ्या म्हाताराच होता असा समज आहे. १९४६ च्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मधला त्याचा ओल्ड मॅन क्लँटन पाहिला की तो समज मोडतो. चार पोरांचा बाप, गुरं चोरणारा, खुनी. कमी बोलतो. पोरांनी बंदूक काढून माणूस मारला नाही म्हणून त्यांना चाबकानं बडवतो. आपल्या खलनायकांना हसणं फार लागतं. इथे हसणं नाही, आरडाओरडा नाही, एक थंड बाप आहे. या सिनेमाचा दिग्दर्शक जॉन फोर्ड, त्याच्या हाताखाली ब्रेननने त्यानंतर काम केलं नाही, दोघांचं जमलं नव्हतं. पडद्यावर ते कुठे कळत नाही.

१९४२ च्या 'द प्राइड ऑफ द यँकीज'मध्ये तो शहरी पत्रकार आहे, दात लावून, सूट घालून. १९५५ च्या 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक'मध्ये गावचा जनावरांचा डॉक्टर. 'कम अँड गेट इट'मधला लाकूडतोड्या स्वीडिश हेल काढून बोलतो. तो हेल आज थोडा जास्त वाटतो, खरं तर मला ते पहिलं ऑस्कर तिघांत सगळ्यात कमी पटतं. 'केंटकी'मधला घोड्यांचा नादी म्हातारा शंकरपटाच्या मुलखात जास्त कळेल. ब्रेनन तेव्हा चव्वेचाळीसचा होता.

पालुपदाबद्दल मात्र थांबायला हवं, कारण आपली सगळी कॉमेडी त्यावर चालते. १९४४ च्या 'टू हॅव अँड हॅव नॉट'मध्ये तो एडी, दारूडा. भेटेल त्याला विचारतो: मेलेली मधमाशी कधी चावली का तुला? बहुतेक जण वैतागतात. सिनेमाची नायिका लॉरेन बॅकॉल त्याला उलट तोच प्रश्न विचारते, आणि एडी तिला आपलं मानतो. पालुपद एकच, पण दर वेळी त्याचं काम वेगळं. पहिल्यांदा माणसाची ओळख, नंतर समोरच्याची परीक्षा, शेवटी मैत्री. आपल्याकडे विनोदी नट टाळी मिळालेलं वाक्य प्रत्येक एन्ट्रीला जसंच्या तसं म्हणतो, आणि चौथ्या एन्ट्रीला टाळी अर्धी होते. लेखकानं दिलं नसेल तरी नटानं ठरवावं, की या वेळी हे वाक्य घाबरून म्हणायचं, पुढच्या वेळी रडताना. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका असा त्यांचा हिशेब सांगतात. इतक्या प्रयोगांत लोक एकाच वाक्याला त्याच जागी हसत नाहीत.

काम सतत कसं मिळालं, हेही पाहण्यासारखं आहे. १९३५ मध्ये सॅम्युएल गोल्डविननं त्याला करारावर घेतलं. गोल्डविन वर्षाला मोजकेच सिनेमे काढी, मग करारातला नट रिकामा बसण्यापेक्षा दुसऱ्या स्टुडिओला उसना दिला जाई. ही तेव्हाची रीत: नटाला करारातला ठरलेला पगार, आणि उसनं नेणारा स्टुडिओ मालकाला जास्त रक्कम देई, मधला फरक मालकाचा. 'केंटकी' ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा, 'सार्जंट यॉर्क' वॉर्नरचा. त्या काळचा हिरो गॅरी कूपर, त्याच्याबरोबर १९४० ते १९४२ या काळात त्यानं चार सिनेमे केले, कारण कूपर उंच, सावकाश बोलणारा आणि हा ठेंगणा वाटणारा, बडबड्या, जोडी जमायची. आपल्याकडे नट एका कंपनीशी बांधलेला असतो किंवा सुटा असतो. सुट्या नटाला जास्त रात्री मिळतात पण रोज वेगळं नाटक, तालीम जेमतेम, आणि सगळा भार प्रॉम्प्टरवर. बुढ्याचं काम करणाऱ्याला सुटं राहणं परवडतं असं दिसतं, कारण बुढा प्रत्येक नाटकात असतो. पण मग बाप, पाटील आणि गुरुजी यांच्या तीन वेगळ्या चाली आणि तीन वेगळे श्वास आधी घरी बसवलेले हवेत. विंगेत बसवता येत नाहीत.

१९५७ पासून १९६३ पर्यंत त्यानं 'द रिअल मॅकॉइज' ही टीव्ही मालिका केली, २२४ भाग. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून कॅलिफोर्नियात शेती करायला आलेलं कुटुंब, आणि हा त्यांचा लंगडा आजा. सहा वर्षं तोच पाय. १९६२ मध्ये 'ओल्ड रिव्हर्स' ही त्याची तबकडी आली. गाणं कमी आणि सांगणं जास्त: एक म्हातारा शेतकरी, त्याचं खेचर, आणि नांगराच्या तासामागून चालणारं पोर. अमेरिकेच्या यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. नांगर आणि बैल माहीत असलेल्या कानांना शब्द न कळताही ती कळेल. कुठे थांबतो, तेवढं ऐका.

माणूस म्हणून तो सगळ्यांना आवडण्यासारखा नव्हता. कट्टर उजव्या विचारांचा, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा उघड विरोधक. पडद्यावरचा प्रेमळ आजा बघून त्याच्याबद्दल जे मत होतं ते या माहितीपाशी अडखळतं, आणि अडखळावंच. ओरेगॉनमध्ये त्याची मोठी रँच होती, काम नसलं की तिथे गुरांत राही.

सगळ्यात शेवटी पाहायचा तो 'द वेस्टर्नर'. दिग्दर्शक विल्यम वायलर. ब्रेनन आहे न्यायाधीश रॉय बीन, दारूच्या दुकानात कोर्ट भरवणारा, माणसं लटकवणारा, आणि लिली लँगट्री नावाच्या नटीवर जीव टाकणारा. तिला त्यानं कधी पाहिलेलं नाही, भिंतीवर चित्रं आहेत फक्त. ती जवळच्या गावात प्रयोगाला येते तेव्हा हा थिएटरची सगळी तिकिटं एकटा विकत घेतो. जुना लष्करी गणवेश, कंबरेला तलवार, आणि रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटा बसलेला. मंडईच्या रात्री हजारो माणसांसमोर उभं राहणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा. पडदा वर जातो. स्टेजवर लँगट्री नाही, गॅरी कूपर उभा आहे, बंदूक घेऊन.